राष्ट्रगीत आणि नेत्याचे गीत

‘मुले शाळेत राष्ट्रगीत म्हणतात, मग नेत्याचे गीत म्हटले तर काय बिघडले?’ असे अनेक पालक मनापासून विचारतात. नेत्याबद्दल आदर असणे चांगलेच. पण ही दोन गीते एका जातीची नाहीत.

राष्ट्रगीत देशाचे असते. सरकार बदलले तरी ते बदलत नाही. ‘जय जय महाराष्ट्र माझा’ २०२३ मध्ये राज्यगीत झाले, तेही राज्याचे. सत्तेवरच्या नेत्याचे गुणगान मात्र पुढच्या निवडणुकीत मते मागणाऱ्या माणसाचे असते. दसऱ्याला आपण एसटीला झेंडूचा हार घालतो. चालकाचे आभार मानतो, पण त्याची आरती करत नाही. पाळी संपली की दुसरा चालक येतो.

व्यक्तिस्तोम (एखाद्या माणसाला टीकेच्या पलीकडे नेऊन ठेवणे) म्हणतात ते नेत्याच्या अशा आरतीलाच. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेब आंबेडकरांनी राजकारणातल्या भक्तीविरुद्ध इशारा दिला होता, तो मोठ्यांसाठी. इथे तर परिपाठाला हात जोडून, डोळे मिटून उभी असलेली दुसरीतली पोर आहे. बाई सांगतील ते ती म्हणते. ‘नको’ म्हणायची सोय तिला नाही.

खुद्द राष्ट्रगीतही सक्तीने म्हणवून घेता येत नाही. केरळमधील तीन भावंडे धार्मिक श्रद्धेमुळे ते म्हणत नसत, पण आदराने उभी राहत. शाळेने त्यांना काढले. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावले.