नातवंडांची खिचडी : पातळ पाण्याचा मोह नको

आषाढ-श्रावणात भंडारा जिल्ह्यात रोवणीची घाई असते. पऱ्हे उपटून बांधीत रोवण्यासाठी घरातील तरुण मंडळी पहाटेच बाहेर पडतात आणि सहा-आठ महिन्यांचे बाळ आजीच्या मांडीवर येते. म्हणून हा लेख प्रामुख्याने तुमच्यासाठी, आजी-आजोबांसाठी आहे. बाळाचा पहिला घास बहुधा तुमच्याच हातून भरविला जातो.

आपल्याकडे एक समजूत फार खोलवर रुजलेली आहे. बाळाला दात नाहीत, पोट नाजूक आहे, तेव्हा त्याला वरणावरचे पाणी किंवा भाताची पेज पुरे! हेतू मायेचाच असतो, परंतु परिणाम मात्र हानिकारक होतो. बाळाचे जठर लहान असते. ते या पातळ पाण्याने भरून जाते, बाळ तृप्त दिसते, आणि डाळीचे सत्त्व तर पातेल्याच्या तळाशीच राहते. वजन न वाढणाऱ्या बाळाच्या घरी पहिली चौकशी या पाण्याचीच करावी, असे आम्हाला वाटते.

आयुर्वेदाने हा भेद शतकांपूर्वी ओळखला होता. शार्ङ्गधरसंहितेत तांदळाच्या चौदापट पाण्यात शिजवून, शिते काढून टाकलेला मंड वेगळा सांगितला आहे. चौपट पाण्यातील दाट विलेपी वेगळी. आणि सहापट पाण्यात तांदूळ व मूग, उडीद किंवा तीळ यांची शिजविलेली घट्ट कृशरा वेगळी. ही कृशरा म्हणजेच आपली खिचडी. मंड आजारातून उठणाऱ्यासाठी. वाढत्या जिवाला दाट अन्नच हवे. भावप्रकाशात कृशरा बलदायक परंतु पचावयास जड म्हटली आहे, हेही ध्यानात असू द्या. म्हणूनच उडीद बाजूला ठेवून मूग घ्यावा, आणि प्रारंभ थोडक्यावर करावा.

तांदूळ आपल्याच मातीतला असावा. भंडाऱ्याच्या सुवासिक, बारीक दाण्याच्या चिन्नोरला भौगोलिक मानांकन लाभले आहे. तो मऊ शिजतो. परंतु तो महाग पडत असेल तर घरचा कोणताही धान चालेल, त्यात कमीपणा नाही. डाळीबाबत मात्र तडजोड करू नये. धान कापल्यावर बांधीत घेतलेली लाखोळी आपल्या भागात मुबलक असते. ती दीर्घकाळ मुख्य अन्न म्हणून खाल्ल्यास पाय लुळे पडण्याचा विकार जडतो, हे वैद्यकाला ज्ञात आहे. बाळाच्या वाट्याला ती मुळीच नको.

दोन मोठे चमचे तांदूळ आणि एक मोठा चमचा सालीविरहित मूगडाळ तीन पाण्यांनी धुऊन अर्धा तास भिजत घाला. अठरा चमचे पाणी, चिमूटभर हळद व किंचित जिरेपूड घालून मंद आचेवर शिजवा. उघड्या गंजात पाणी आटते. जवळ गरम पाणी ठेवावे. पितळी गंज वापरणार असाल तर कल्हई शाबूत आहे ना, हे आधी पाहा. भंडारा पितळी भांड्यांसाठी ओळखला जातो, पण कल्हई उडालेले भांडे बाळाच्या अन्नाला नको. दाणा बोटांत विरघळला की रवीने किंवा चमच्याने घोटा आणि एक लहान चमचा साजूक तूप घाला. चमचा तिरपा केल्यावर खिचडी चटकन ओघळली तर ती पातळ आहे. जराशी थांबून हळूच सरकली तर योग्य.

मीठ व साखर वर्षापर्यंत टाळावी. मधाचे बोट तर मुळीच नको. वर्षाखालील बाळाला त्यापासून गंभीर विषबाधा होऊ शकते. सहा महिने पूर्ण झाल्यावर दोन-तीन चमच्यांपासून आरंभ करून आठव्या महिन्यापर्यंत अर्ध्या वाटीपर्यंत, दिवसातून दोन-तीन वेळा द्या. आईचे दूध दोन वर्षे चालूच राहू द्या. पुढे शेवग्याची कोवळी पाने बारीक चिरून खिचडीत शिजवता येतात, आणि वरून लिंबाचे दोन थेंब. लोह अंगी लागण्यास त्याची मदत होते.

सकाळची खिचडी दुपारी पुन्हा तापवून देऊ नका, विशेषतः दमट पावसाळ्यात. जुलाब सुरू झाल्यास अन्न बंद करण्याची जुनी रीत सोडून द्यावी: दूध व क्षारसंजीवनी चालू ठेवा, आणि बाळ मलूल झाले, डोळे खोल गेले किंवा लघवी कमी झाली तर विनाविलंब दवाखाना गाठा.

त्याच गंजातील उरलेल्या खिचडीत आजोबांच्या वाटणीचे मीठ नंतर घालावे. दात नसलेल्या तोंडालाही ती मानवते. रक्तदाब असेल तर मीठ बेताचेच, आणि मूत्रपिंडाचा विकार असल्यास डाळीचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.