क्रूझवर जाताना मुलांचा कोणता जन्मदाखला चालतो?

मायामी किंवा गॅल्व्हस्टनच्या बंदरातून निघायचे, चार-पाच दिवसांत बहामा अथवा मेक्सिकोची किनारपट्टी पाहून परतायचे, हा सुट्टीतला बेत अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही आता नवा राहिलेला नाही. तिकिटे काही महिने आधी काढली जातात, भारतातून आलेले आजी-आजोबाही सोबत असतात. मात्र तिथेच जन्मलेल्या धाकट्याचा पासपोर्ट काढलेला नसला, तर सारी भिस्त त्याच्या जन्मदाखल्यावर येते. हा दाखला योग्य नसेल तर जहाज कंपनी मुलाला जहाजावर चढू देत नाही. कागदपत्रांअभावी प्रवास हुकला, तर भाडेही सहसा परत मिळत नाही.

नियम काय सांगतो?

'वेस्टर्न हेमिस्फिअर ट्रॅव्हल इनिशिएटिव्ह' या नावाने ओळखले जाणारे नियम समुद्रमार्गे व रस्त्याने होणाऱ्या प्रवासासाठी १ जून २००९ पासून लागू झाले. त्यांनुसार परदेशातून अमेरिकेत परतणाऱ्या नागरिकांनाही पासपोर्ट किंवा तत्सम दस्तऐवज दाखवावा लागतो. यात क्रूझ प्रवाशांना एक सवलत आहे. जी सफर अमेरिकेच्या ज्या बंदरातून सुरू होते त्याच बंदरात संपते, तिला 'क्लोज्ड लूप' सफर म्हणतात. अशा सफरीत अमेरिकी नागरिकाला जन्मदाखला व सरकारी छायाचित्र ओळखपत्र यांवर परतता येते. सोळा वर्षांखालील मुलांना ओळखपत्राचीही गरज नसते. केवळ जन्मदाखला पुरतो. सोळावा वाढदिवस सफरीच्या सुमारास येत असेल, तर ओळखपत्र सोबत ठेवणे शहाणपणाचे.

ही सवलत नागरिकत्वावर आधारलेली आहे, वयावर नव्हे, हे ध्यानात घेतले पाहिजे. थोरली मुलगी पुण्यात जन्मलेली आणि आई-वडिलांबरोबर एच-४ व्हिसावर आलेली, तर धाकटा न्यू जर्सीत जन्मलेला, अशी कितीतरी घरे आहेत. तेथे धाकट्याला जन्मदाखला पुरेल, पण मुलीला भारतीय पासपोर्ट आणि वैध व्हिसा लागेलच. पुणे महापालिकेचा दाखला तिचे वय सांगतो. अमेरिकेत प्रवेशाचा हक्क देत नाही. आई-वडिलांमुळे पुढे अमेरिकी नागरिक झालेल्या मुलांनाही भारतातील दाखला उपयोगी पडत नाही. त्यांनी अमेरिकी पासपोर्ट किंवा नागरिकत्वाचे प्रमाणपत्र न्यावे. ओसीआय कार्ड हे तर अमेरिकी नागरिकत्वाचा पुरावाच नव्हे.

दाखला कोणाचा?

खरी गफलत होते ती येथे. बाळ जन्मल्यावर अनेक रुग्णालये पावलांचे ठसे उमटवलेले देखणे प्रमाणपत्र देतात. ते आठवण म्हणून जपावे. क्रूझसाठी त्याला किंमत नाही. दाखला हवा तो राज्य, काउंटी किंवा शहर यांच्या जन्मनोंदणी कार्यालयाचा. सीमा तपासणी विभाग लहान मुलांच्या बाबतीत दाखल्याची प्रतही स्वीकारतो. परंतु जहाज कंपन्यांचे स्वतःचे नियम अधिक कडक असू शकतात. म्हणून शिक्का असलेली प्रमाणित प्रत जवळ असणे सर्वांत सुरक्षित.

अधिकारी इतके काटेकोर का असतात, याला कारण आहे. अमेरिकेत जन्मदाखल्याचा एकच राष्ट्रीय नमुना नाही. तेथील आरोग्य खात्याच्या महानिरीक्षकांनी २००० साली दिलेल्या अहवालात दाखल्यांचे १४ हजारांहून अधिक प्रकार वापरात असल्याचे नमूद केले होते. प्वेर्तो रिकोमध्ये तर दाखल्यांच्या चोरीमुळे व गैरवापरामुळे १ जुलै २०१० पूर्वी दिलेले सर्व जन्मदाखले कायद्याने रद्द ठरवण्यात आले. तेथे जन्मलेल्यांना नवा दाखलाच दाखवावा लागतो.

दाखला शक्यतो सविस्तर असावा. काही राज्यांच्या संक्षिप्त दाखल्यावर आई-वडिलांची नावे नसतात. मराठी कुटुंबात आईने माहेरचे आडनाव कायम ठेवलेले असेल, तर मूल तिचेच आहे हे दाखवणारा कागद म्हणजे हा सविस्तर दाखला. नावाचाही प्रश्न असतो. आपल्याकडे बारशाला नाव ठेवतात; तेथे दाखल्याचा अर्ज बहुधा रुग्णालयातच भरून घेतात. दाखल्यावर एक नाव, घरात व तिकिटावर दुसरे, असा घोळ झाला असेल तर तिकीट दाखल्याबरहुकूम काढावे.

आई किंवा वडील एकटेच, अथवा आजी-आजोबा मुलाला नेणार असतील, तर न येणाऱ्या पालकांचे नोटरीने साक्षांकित केलेले संमतिपत्र सोबत असावे.

सवलतीच्या मर्यादा

जन्मदाखल्यावर समुद्रमार्गे परतता येते, विमानाने नाही. मूल मध्येच आजारी पडले, कोझुमेलच्या रुग्णालयात दाखल करावे लागले आणि जहाज पुढे निघून गेले, तर घरी येण्यासाठी विमानच उरते. त्यासाठी मुलालाही पासपोर्ट लागतो. तो नसेल तर अमेरिकी वकिलातीतून तातडीचा पासपोर्ट मिळवावा लागतो. मूल रुग्णालयात असताना ही धावपळ कोणत्या आई-बापाला परवडेल? खिशात मावणारे 'पासपोर्ट कार्ड'ही समुद्र व रस्त्यापुरतेच चालते. विमानासाठी पासपोर्ट पुस्तिकाच हवी.

शिवाय ही सवलत अमेरिकेत परत येण्यापुरती आहे. वाटेत लागणाऱ्या देशाचे नियम वेगळे असू शकतात. फ्रान्सच्या अखत्यारीतील मार्टिनिक, ग्वादेलूप यांसारख्या बेटांसाठी पासपोर्ट मागितला जातो. सिअॅटलहून निघून तेथेच परतणारी अलास्का सफर 'क्लोज्ड लूप'मध्ये मोडते, पण व्हँकुव्हरला सुरू होणारी मोडत नाही.

पालकांनी स्वतःकडेही पाहावे. एच-१बी वरील नोकरदाराच्या पासपोर्टातील व्हिसाची मुदत संपली असेल, तर कॅनडा वा मेक्सिकोच्या ३० दिवसांपर्यंतच्या प्रवासाला मिळणारी सूट बहामासारख्या बेटांना लागू होत नाही. मुलाचा दाखला बिनचूक आणि अडचणीत आले वडीलच, असे व्हायला नको.

तेव्हा तिकीट काढतानाच जहाज कंपनीचे नियम वाचावेत, दाखल्यासाठी नोंदणी कार्यालयाकडे वेळीच अर्ज करावा आणि जमल्यास मुलाचा पासपोर्टच काढावा. बंदरावर मोठ्या बॅगा हमालांकडे सोपवल्या की त्या थेट खोलीपर्यंत जातात. दाखला त्यांत गेला तर तपासणीच्या खिडकीशी हात रिकामेच राहतील. तो हातातल्या पिशवीतच असू द्यावा.