सत्तर होमरनचा मोसम

दोस्तांनो, क्रिकेटमध्ये जसा षटकार, तसा बेसबॉलमध्ये होमरन. चेंडू थेट कुंपणापार! अमेरिकेत एका मोसमात ६१ होमरन मारण्याचा रॉजर मॅरिसचा विक्रम १९६१ पासून कुणालाच मोडता आला नव्हता. १९९८ मध्ये मात्र दोन पठ्ठे त्याच्या मागे लागले. सेंट लुईसचा मार्क मॅग्वायर आणि शिकागोचा सॅमी सोसा. लहानपणी डॉमिनिकन प्रजासत्ताकात बुटांना पॉलिश करणारा हा सॅमी!

८ सप्टेंबरला मॅग्वायरनं ६२ वा होमरन ठोकला. समोरच्या संघात होता खुद्द सोसा. तो धावत आला आणि मॅग्वायरला कडकडून भेटला! मोसम संपला तेव्हा मॅग्वायरचे ७०, सोसाचे ६६.

त्याच वर्षी न्यूयॉर्क यांकीज संघानं ११४ साखळी सामने जिंकले आणि वर्ल्ड सिरीजही ४-० अशी खिशात घातली. बाल्टिमोरचा कॅल रिपकेन १९८२ पासून सलग २६३२ सामने खेळला होता. २० सप्टेंबरला तो स्वतःहून बाहेर बसला.

पुढची गोष्ट मात्र कडू आहे. २०१० मध्ये मॅग्वायरनं कबूल केलं, की १९९८ मध्येही तो ताकद वाढवणारी स्टेरॉइड घेत होता. त्याच्यासाठी टाळ्या वाजवणारी मुलं तोवर मोठी झाली होती. त्यांना काय वाटलं असेल?

७० चा आकडा पुस्तकात राहिला, पण त्याची चमक गेली. रोज न चुकता मैदानात उतरणाऱ्या रिपकेनचा २६३२ हा आकडा मात्र आजही तसाच झळकतोय, बरं का!