दोन ठिकाणच्या संगणकीय प्रतींची रुजवात

जुन्या दफ्तरांत नक्कल उतरून झाली म्हणजे ती अस्सलाशीं ताडून पाहात. ह्या ताडण्यास रुजवात म्हणत. आज संग्राहक आपल्या पोथ्यांचीं छायाचित्रें, मोडी कागदांचीं वाचनें व याद्या संगणकांत ठेवितात, आणि त्यांची एक प्रति परगांवीं असावी, हेंहि पुष्कळांस पटलें आहे. परंतु रुजवातीवांचून केलेली नक्कल जशी दफ्तरांत, तशीच संगणकांतहि भरंवशाची नव्हे.

परगांवच्या प्रतीची आवश्यकता कृष्णाकांठीं सिद्ध करावी लागत नाहीं. सांगलीस आयर्विन पुलापाशीं धोक्याची पातळी ४५ फूट धरितात. ऑगस्ट २०१९ मध्यें पाणी ५७ फुटांवर चढून शहरांत शिरलें. तेव्हां सांगलीच्या संग्रहाची दुसरी प्रति साताऱ्यासारख्या उंचावरील गांवीं असणें इष्ट होय.

खरा प्रश्न येथून पुढें आहे. सांगलीस एका रुमालाची यादी सुधारली कीं साताऱ्याची प्रति मागें पडते. सर्व संग्रह प्रत्येक वेळीं पुन्हां पाठविणें परवडत नाहीं. ह्यासाठीं ऑस्ट्रेलियांतील अँड्र्यू ट्रिजेल व पॉल मॅकेरास ह्यांनीं १९९६ सालीं ‘आरसिंक’ नांवाची आज्ञावली रचिली. ती प्रथम प्रत्येक फाईलचा आकार व शेवटच्या बदलाची वेळ पाहते. दोन्ही जुळल्यास ती फाईल सोडून देते. न जुळल्यास साताऱ्याचा संगणक आपल्याजवळील जुन्या फाईलचे सारख्या लांबीचे खंड पाडतो, व प्रत्येक खंडाचे दोन ताळे काढून सांगलीस पाठवितो.

ताळा म्हणजे शाळेंत नऊ टाकून गुणाकार पडताळीत, त्याच जातीचा. असा ताळा झटपट निघतो, परंतु भिन्न संख्यांचाहि एक येऊं शकतो: ४६ व ६४ ह्या दोहोंतून नऊ टाकीत गेल्यास शेष १ च उरतो. म्हणून पहिला ताळा सोपा व दुसरा कडक ठेविला आहे. पहिला जुळला तरच दुसरा पाहावयाचा. सांगलीचा संगणक हे ताळे आपल्या नव्या फाईलींत अक्षरागणिक पुढें सरकत शोधतो. त्यामुळें आरंभीं एक ओळ वाढून पुढील सर्व मजकूर सरकला, तरी जुना मजकूर ओळखूं येतो व नवा तेवढाच साताऱ्यास जातो.

परंतु आकार व वेळ जुळली म्हणजे आंतील मजकूरहि जुळला, असें नव्हे. तबकडींतील दोषानें एखादें चित्र बिघडलें, तरी हीं दोन्ही लक्षणें तशींच राहूं शकतात. म्हणून ठराविक मुदतीनें ‘चेकसम’ ही सूचना देऊन संपूर्ण फाईलींचे ताळे ताडावे. ‘डिलीट’ ही सूचना दिली असतां सांगलीस चुकून पुसलेलें पान साताऱ्यासहि पुसलें जातें. यंत्र शुद्धाचें अनुकरण जितक्या निष्ठेनें करितें, तितक्याच निष्ठेनें अशुद्धाचेंहि. ह्यास्तव आधीं ‘ड्राय-रन’ करावें. त्यांत कांहींएक न बदलतां होऊं घातलेल्या बदलांची यादी मिळते. ती यादी वाचणें हीच आजची रुजवात.

दोन्ही गांवीं एकाच फाईलींत दुरुस्ती झाली, तर आरसिंक उपयोगी नाहीं. त्याचा ओघ एकाच दिशेनें वाहतो. तेथें पेनसिल्व्हेनिया विद्यापीठांत बेंजामिन पिअर्स ह्यांच्या मार्गदर्शनाखालीं झालेलें ‘युनिसन’ घ्यावें. तें विरोध दाखवून थांबतें. निर्णय मात्र वाचकानेंच करावयाचा. भांडारकर संस्थेनें १९६६ सालीं संहिता पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तींत, न स्वीकारलेले पाठहि तळटीपांत राखले आहेत. तोच न्याय येथें लावावा: मागें पडलेली फाईल तारीख घालून वेगळी ठेवावी, आणि तिसरी एक प्रति कोणत्याहि संगणकास न जोडतां कपाटांत असूं द्यावी. दोन्ही ठिकाणीं एकच चूक पोंचली, तर तिची साक्ष देण्यास तीच प्रति उरेल.