शाळेचे अंदाजपत्रक आणि ग्रामसभेचे मत

गुहागर तालुक्यातील कोतळूक या गावी ९ मे १८६६ रोजी नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचा जन्म झाला. राजकारणातील त्यांचे कार्य सर्वश्रुत आहे. प्राथमिक शाळेचा खर्च कोणी व कसा उचलावा याविषयी त्यांनी केलेली मांडणी मात्र त्यांच्या तालुक्यातही आज फारशी स्मरणात नाही. मार्च १९११ मध्ये त्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. आपल्या हद्दीत शिक्षण सक्तीचे करण्याचा आणि त्यासाठी सरकारच्या संमतीने खास शिक्षणकर बसविण्याचा अधिकार नगरपालिका व जिल्हा बोर्डे यांना मिळावा, अशी त्यात तरतूद होती. खर्चाचा दोनतृतीयांश भार सरकारने व एकतृतीयांश भार स्थानिक संस्थांनी उचलावा, असे गोखल्यांचे म्हणणे होते. मार्च १९१२ मध्ये ते विधेयक ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले.

शाळेसाठी कर ही त्या वेळी नवी गोष्ट नव्हती. मुंबई इलाख्यात १८६० नंतरच्या दशकापासून जमीन महसुलावर रुपयामागे एक आणा लोकल फंड घेतला जाई व त्याचा एकतृतीयांश भाग शाळांकडे जाई. परंतु आणा देणाऱ्या शेतकऱ्याला त्याच्या विनियोगाविषयी बोलण्यास जागा फारच थोडी होती. गोखल्यांच्या योजनेत निर्णयाचा आरंभ स्थानिक संस्थेकडून व्हावयाचा होता, हा त्यातील महत्त्वाचा फरक होय.

हा विचार काही देशांत फार पुढे गेलेला आढळतो. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात बहुतेक शाळा-जिल्ह्यांचे वार्षिक अंदाजपत्रक मे महिन्याच्या तिसऱ्या मंगळवारी प्रत्यक्ष मतदानास टाकले जाते. मतदारांनी ते दोनदा नाकारले, तर शाळेला काटकसरीच्या मर्यादित अंदाजपत्रकावर वर्ष काढावे लागते. आपल्याकडे अशी मतपेटी नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेतील शिक्षकांच्या वेतनाचा भार राज्य शासन वाहते, आणि ते योग्यही आहे, कारण गरीब गावाच्या शाळेने गरीब राहावे असे आपणांस मान्य नाही. तथापि शाळेच्या खर्चाचा एक लहानसा, पण रोजच्या कामकाजात जाणवणारा भाग असा आहे की, ज्याविषयी ग्रामस्थांना मत आहे. ते वापरले जात नाही, हीच चिंतेची बाब आहे.

हा भाग किती लहान आहे ते पाहावे. २०१८ मध्ये सुरू झालेल्या समग्र शिक्षा योजनेत ३० पर्यंत पट असलेल्या शाळेस वर्षाला १० हजार रुपये आणि त्यापुढे १०० पर्यंतच्या पटास २५ हजार रुपये संयुक्त शाळा अनुदान ठरविण्यात आले. त्यातील किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्चावयाचे. गुहागरसारख्या वाड्यावस्त्यांच्या तालुक्यात पहिल्या गटातील शाळा पुष्कळ. दहा हजारांत विजेचे बिल, खडू, नोंदवह्या, नळाची दुरुस्ती आणि साफसफाई भागवावयाची. येथे एका पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. छपराची चार कौले सरकली की वर्गाचा एक कोपरा चार महिने ओला राहतो व मुले दुसऱ्या कोपऱ्यात दाटीने बसतात. ही दुरुस्ती त्या दहा हजारांत बसत नाही आणि मोठ्या बांधकामाच्या यादीत येण्याइतकी ती मोठीही नसते.

येथेच ग्रामपंचायतीचा संबंध येतो. १९९३ मध्ये अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत प्राथमिक व माध्यमिक शाळांसह शिक्षण हा विषय पंचायतींच्या २९ विषयांत नमूद आहे. घरपट्टीचे उत्पन्न ग्रामपंचायतीचे स्वतःचे असते. शिवाय वित्त आयोगाचे अनुदान थेट तिच्याकडे येते. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२२ ते २०२५-२६ या काळासाठी त्यातील ६० टक्के रक्कम पाणी व स्वच्छता यांसाठी राखली होती. शाळेचे पाणी व स्वच्छतागृह ही त्याच विषयातील कामे होत. गावाचा आराखडा ग्रामसभेपुढे यावा लागतो. २०१८ पासून त्याच्या तयारीची मोहीम २ ऑक्टोबरच्या सुमारास सुरू करण्याची प्रथा पडली आहे.

दुसरीकडे, शिक्षण हक्क कायद्यान्वये शाळा व्यवस्थापन समितीने शाळा विकास आराखडा तयार करावयाचा असतो. या समितीत तीनचतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. केंद्राच्या २०१० च्या नियमांप्रमाणे हा आराखडा आर्थिक वर्ष संपण्यापूर्वी किमान तीन महिने तयार व्हावयास हवा. म्हणजे शाळेचा आराखडा व गावाचा आराखडा यांचा हंगाम जवळजवळ एकच. तरीही पुष्कळदा मुख्याध्यापकांचा कागद वर केंद्रप्रमुखांकडे जातो, पण शेजारच्या ग्रामपंचायत कार्यालयात जात नाही. समितीत स्थानिक संस्थेचे निर्वाचित सदस्य असतात. त्यांनी तो कागद हाती घेऊन चालत नेला तरी पुष्कळ होईल.

ग्रामसभेस गणपूर्ती लागते ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी. ६०० मतदारांच्या गावात ९० माणसे. ती जमली नाहीत तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. मग वीस-पंचवीस ग्रामस्थ जे ठरवतील ते गावाचे मत ठरते. या वीस-पंचवीसांत पालक किती असतात? पाखाडी, रस्ता व सभामंडप यांचे पाठीराखे येतात आणि त्यांची मागणी खोटी नसते. पण शाळेचा विषय कोणी काढीतच नाही.

कोकणात याला आणखी एक कारण आहे. कर्ता पुरुष मुंबईस असतो. त्याचे नाव मतदार यादीतही बहुधा तिकडेच असते. घरपट्टी तो गणपतीला येऊन भरतो, पण ग्रामसभेत त्याला मत नाही. गावात राहतात त्या मुलांच्या आया आणि आज्या. नियमित ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद कायद्यात आहे ती अशा गावांसाठीच केली असावी, असे वाटते. शाळेचा विषय प्रथम तेथे निघावा.

या संदर्भात दोन आक्षेप नेहमी ऐकू येतात. शाळा जिल्हा परिषदेची, मग तिचे छप्पर आम्ही का शाकारावे, हा पहिला. त्यास उत्तर असे की, इमारत कोणाचीही असली तरी बसणारी मुले गावाची आहेत. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: पट उतरत चालला, शाळा उद्या राहील की नाही, मग पैसा का घालावा? छप्पर दुरुस्त केल्याने पट वाढेल असे आश्वासन कोणी देऊ नये. स्थलांतराची कारणे त्याहून खोल आहेत. परंतु पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आत शाळा हा बालकांचा हक्क आहे, आणि आज तेथे बसणाऱ्या आठ-दहा मुलांचे हे वर्ष पुन्हा येणार नाही.

गुहागर शहरात आता नगरपंचायत असल्याने तेथे ग्रामसभा नाही. तेथील पालकांनी आपल्या नगरसेवकांमार्फत हा प्रश्न मांडावयाचा. गावांत मात्र ठराव नेमका असावा. ‘शाळेकडे लक्ष द्यावे’ असा मोघम ठराव इतिवृत्तात पडून राहतो. कोणत्या वाडीची शाळा, कोणते काम, अंदाजे रक्कम किती, ती कोणत्या निधीतून आणि कोणत्या महिन्यापर्यंत, हे पाच तपशील त्यात लिहावेत. मुख्याध्यापकांनी त्याची प्रत शाळेच्या दप्तरी ठेवावी व पुढील वर्षाच्या पहिल्या ग्रामसभेत जमाखर्च मांडला जाईल तेव्हा ती बरोबर न्यावी.