बोट बांधणारे दोर

मुंबईच्या ससून डॉकमध्ये मासळी उतरवायला आलेल्या बोटी एकमेकींना खेटून उभ्या राहतात. धक्क्यालगतची बोट खुंटाला बांधलेली, दुसरी तिला, तिसरी दुसरीला. गोदी १८७५ सालची, गर्दी आजची. मुंबई बंदरात मोठ्या उधाणाला भरती-ओहोटीतला फरक पाच मीटरच्या आसपास जातो. भरतीला आखूड बांधलेली बोट ओहोटीला दोरावर लोंबकळू लागते, सैल सोडली तर धक्क्यावर आदळते. दोर किती सोडायचा, हे खलाशाला पाणी बघूनच ठरवावं लागतं.

मोठ्या जहाजाला एक दोर पुरत नाही. नाळेकडून, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडून, पुढे जाणारी हेडलाइन, पिछाडीकडून मागे जाणारी स्टर्नलाइन, जहाजाला धक्क्याकडे आडवं ओढून धरणारी ब्रेस्टलाइन. या तिघींहून कामाची मला स्प्रिंग वाटते. नाळेजवळून निघून ती धक्क्याच्या कडेने मागे जाते, म्हणून जहाज पुढे सरकत नाही. दुसरी स्प्रिंग पिछाडीकडून पुढे जाते आणि मागे सरकू देत नाही. निघतानाही तिचाच उपयोग. बाकीचे दोर सोडायचे, नाळेकडची स्प्रिंग ठेवायची, सुकाणू धक्क्याकडे वळवून इंजिन हळू पुढे चालवायचं. स्प्रिंग जहाजाला पुढे जाऊ देत नाही, त्यामुळे पिछाडी धक्क्यापासून अलगद सुटते.

खुंटावर आधीच दुसऱ्या जहाजाचा फास असेल, तर जाणता खलाशी आपला फास त्यावर नुसता टाकत नाही. आधीच्या फासाच्या आतून, खालून वर काढून मग खुंटात अडकवतो. आता कुणीही आधी निघो, दुसऱ्याच्या दोराला हात लावावा लागत नाही.

पूर्वी दोर काथ्याचे असत. काथ्या खाऱ्या पाण्यात टिकतो, तरंगतो, ताणही खातो. आता पॉलीप्रॉपिलीन स्वस्त आणि तरंगणारं, पण ऊन त्याला खातं. पॉलिएस्टर घासणीला चिवट आणि कमी ताणलं जाणारं. नायलॉन भरपूर ताणलं जातं, म्हणून लाटांचे हिसके सोसतं. भिजल्यावर मात्र त्याची ताकद थोडी घटते. दोराची निवड नुसत्या ताकदीवर करू नये. तो हिसका कसा झेलतो, हेही तितकंच पाहायला हवं.

ताणलेला दोर तुटला की साठलेला सगळा जोर टोकाशी येतो आणि ते टोक मागे झेपावतं. नायलॉनबाबत हे सगळ्यांना ठाऊक होतं. उच्च ताकदीचे पॉलीएथिलीनचे दोर जवळजवळ ताणलेच जात नाहीत, म्हणून त्यांच्याबाबत निर्धास्तपणा आला होता. २ मार्च २०१५ रोजी वेल्समधल्या मिलफर्ड हेवन बंदरात ‘झार्गा’ हे द्रवरूप वायू वाहणारं जहाज धक्क्याला लावताना असाच ४४ मिलिमीटर जाडीचा दोर तुटला आणि डेकवरच्या अधिकाऱ्याच्या डोक्याला गंभीर इजा झाली. दोराच्या टोकाला हिसके झेलण्यासाठी ताणला जाणारा तुकडा जोडलेला होता. झेप घेण्याचा जोर त्यातूनही आला. शिवाय दोरावर वेष्टण होतं. आतले धागे दबून, दुमडून कमकुवत झाले होते, पण बाहेरून ते कुणाला दिसणं शक्यच नव्हतं.

१ जानेवारी २०२४ पासून सागरी सुरक्षेच्या ‘सोलास’ करारातल्या सुधारित नियमांनुसार, करार लागू असलेल्या जुन्या-नव्या सगळ्याच जहाजांना बांधणीच्या दोरांची ठरावीक तपासणी आणि देखभाल करावी लागते, तिच्या नोंदीही ठेवाव्या लागतात. मच्छीमार बोटी या नियमात येत नाहीत. तिथे दोर कधी बदलायचा, हे बोटीचा प्रमुख, म्हणजे तांडेलच ठरवतो.