पडद्यांवरून तरंगणारी सळी

आप्पा जळगावकर (१९२२–२००९) मूळचे जालन्याकडचे. भीमसेन जोशी, किशोरी आमोणकर यांच्यासारख्यांना साथ करणारा हा हार्मोनियमवादक आयुष्यभर ज्या वाद्याशी झुंजला, त्याची खोड साधी होती: पेटीत सप्तकाला बारा सूर, आणि दोन सुरांच्या मध्ये काहीच नाही. षड्जावरून ऋषभावर जाताना गळा जी वाट घसरत चालतो, ती पेटीत नाही. पेटीला ही घसरण, म्हणजे मींड, येत नाही, हाही तिच्यावरच्या आक्षेपांपैकी एक होता. १९४० साली आकाशवाणीने तिला बाहेर काढले, आणि ती बंदी सैल व्हायला सत्तरचे दशक उजाडावे लागले. आप्पा सुरांच्या कडा इतक्या खुबीने जोडत, की न वाजलेली मींड ऐकणाऱ्याच्या कानात तयार होई.

गिटार पाहिली की मला पेटीच आठवते. तिच्या दांडीवर ठोकलेले धातूचे पडदे म्हणजे पेटीच्या पट्ट्यांचेच भाऊबंद. सतारीचे पडदे निदान सरकवता येतात, आणि तार आडवी ओढून त्यांच्यावर पाच-पाच सुरांची मींड घेता येते. गिटारचे पडदे कायमचे. त्यांची जागा गणिताने ठरते: तार निम्मी केली की वरचा षड्ज, आणि मधल्या अंतराचे सारख्या प्रमाणात बारा भाग. मोकळी तार सुमारे ६२८ मिलिमीटर असेल तर पहिला पडदा साधारण ३५ मिलिमीटरवर येतो, आणि अकराव्या-बाराव्यातले अंतर जेमतेम १९ मिलिमीटर उरते. मोकळी तार षड्ज धरली तर कोमल गंधार तिसऱ्या पडद्यावर, शुद्ध गंधार चौथ्यावर. दोघांच्या मध्ये सुमारे तीन सेंटिमीटर. बोटाने दाबून वाजवणाऱ्याला ती जागा असून नसल्यासारखी, कारण बोट त्या जागेत कुठेही टेकले तरी तार पुढच्या पडद्यावरच बसते.

आता तार दाबूच नका. तिच्यावर एक गुळगुळीत सळी नुसती टेकवा. पोलादाची चालेल, काचेची नळीही चालेल. सळी जिथे टेकते तिथे तार तुटल्यासारखी वागते, आणि सळी सरकली की सूर सरकतो. पडदे खाली असतात, पण ते आता केवळ खुणा. त्या तीन सेंटिमीटरमध्ये दोन गंधारांच्या मधले असंख्य सूर एकाएकी मोकळे होतात. सूर बांधून ठेवायला केलेल्या वाद्यावरचा बांध एका सळीने सुटतो, याचे नवल मला अजून ओसरलेले नाही.

ही युक्ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हवाई बेटांवर रुजली. जोसेफ केकुकू या शाळकरी मुलाला तिचे श्रेय बहुधा दिले जाते. अमेरिकेच्या दक्षिणेत कृष्णवर्णीय गायकांनी ती वेगळ्याच गरजेतून उचलली. मिसिसिपीतल्या टटवायलर स्थानकावर १९०३ च्या सुमारास एक माणूस गिटारच्या तारांवर सुरी दाबून वाजवत होता, असे संगीतकार डब्ल्यू. सी. हँडी यांनी लिहून ठेवले आहे. ब्लूज गाणाऱ्याचा गंधार कोमलही नसतो आणि शुद्धही नसतो, तो त्या मधल्या तीन सेंटिमीटरमध्ये कुठेतरी हेलकावतो. पियानोला तो सापडत नाही, सुरीला सापडतो. पुढे सुरीच्या जागी बाटलीची मान आली, आणि ब्लूज-रॉकच्या काळात गिटारवादक डुएन ऑलमनने तर औषधाची रिकामी काचेची बाटली बोटात घातली.

आपल्याकडे हवाईयन गिटार आली ती मुख्यतः सिनेगीतांच्या धुना वाजवायला. गिटारवादक व्हॅन शिप्लेच्या तबकड्यांनी अनेक घरांत तिचा लडिवाळ आवाज पोचवला, आणि त्यामुळेच शास्त्रीय मंडळींनी तिला फारसे मनावर घेतले नाही. तिला मनावर घेतले जोधपूरच्या ब्रिजभूषण काबरा यांनी. ते अली अकबर खाँ यांचे शिष्य. गुरू सरोद वाजवणारे, आणि सरोदच्या दांडीवर पडदेच नाहीत, म्हणजे मींड हीच त्याची चाल. काबरांनी गिटार आडवी मांडीवर घेतली, तारा पडद्यांपासून उंच उचलल्या, चिकारीच्या तारा जोडल्या आणि कॉर्ड, म्हणजे एकाच वेळी वाजणारे सुरांचे मेळ, जवळजवळ सोडून दिल्या. एक आघात, आणि त्याच्या विरत्या नादात सळी तीन-चार सूर फिरून येते. आवाज विरायच्या आत आलाप पुरा करायचा, असा हा हिशेब आहे.

त्यांची सर्वांत गाजलेली तबकडी म्हणजे १९६७ सालची एचएमव्हीची 'कॉल ऑफ द व्हॅली'. सोबत शिवकुमार शर्मा (संतूर), हरिप्रसाद चौरसिया (बासरी) आणि तबल्यावर माणिकराव पोपटकर. काबरा, शर्मा, चौरसिया तिघेही तेव्हा तिशीच्या आसपास. ध्वनिमुद्रणामागे होते जी. एन. जोशी, भावगीतांच्या पहिल्या पिढीतले गायक. बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' जोशींनीच महाराष्ट्रात घरोघरी पोचवली होती. रानातल्या शिळेचे गाणे गाणारा माणूस पुढे मेंढपाळाच्या एका दिवसाची तबकडी काढतो, हा योगायोग मला फार आवडतो. कल्पना अशी, की काश्मीरच्या दरीतल्या मेंढपाळाचा दिवस सकाळच्या अहिर भैरव-नट भैरवपासून पिलू, भूप, देस करत पहाडीपर्यंत जातो. खरे सांगायचे तर ही कथा मला त्या तबकडीतली सर्वांत कच्ची बाजू वाटते. मेंढपाळ नसता तरी सकाळ सकाळच वाटली असती.

खरी गंमत वाद्यांच्या निवडीत आहे. संतूर पेटीसारखेच, प्रत्येक सुराला आपापल्या तारा, मींड नाही. बासरीला फुंकर आणि बोटांच्या सरकण्याने मींड सहज येते. गिटार दोघांच्या मध्ये: आघात संतूरसारखा, घसरण बासरीसारखी. त्यामुळे ती कधी एकाची भाषा बोलते, कधी दुसऱ्याची. तबकडीच्या एका बाजूस साधारण वीस मिनिटे मिळत, त्यात तास-दीड तासाचा विस्तार बसणे शक्यच नव्हते. म्हणून प्रत्येकाला नेमके बोलावे लागले, आणि त्या तंगीचा फायदाच झाला. पुढे ही तबकडी प्रतीक्षागृहांत मागे हळू वाजत ठेवायची वस्तू होऊन बसली, याची मला चीड येते. ती मोठ्याने ऐकायची असते.

काबरांच्या गुरूंनी कॅलिफोर्नियात संगीताचे महाविद्यालय काढले होते. तिथे काही काळ शिकून गेलेल्यांत फ्लोरिडाचा गिटारवादक डेरेक ट्रक्स होता, डुएन ऑलमनच्याच ऑलमन ब्रदर्स बँडच्या ढोलवादकाचा पुतण्या, १९७९ चा जन्म. म्हणजे ब्लूज-रॉकचा वारसा आणि सरोदची तालीम एकाच माणसात भेटली. २००२ मधल्या त्याच्या 'जॉयफुल नॉइज' अल्बममध्ये राहत फतेह अली खाँ कव्वाली गायले. २००६ च्या 'साँगलाइन्स' या स्टुडिओ अल्बममध्ये ट्रक्सने नुसरत फतेह अली खाँ यांच्या 'साहिब तेरी बंदी' आणि 'मकी मदनी' या कव्वाल्या जोडून वाजवल्या. या वेळी गायक नव्हता. गळ्याची सगळी जबाबदारी गिटारवर.

ट्रक्स पिक वापरत नाही, उजव्या हाताची बोटेच तार छेडतात. म्हणून सूर सुरू होताना नखासारखा ओरखडा नसतो, उच्चारासारखी मऊ सुरुवात असते. डाव्या हाताच्या बोटात काचेची नळी, आणि मागच्या बोटांनी तार अलगद दाबून नको तो झणत्कार थांबवणे चालू. 'साँगलाइन्स'मध्ये याच हाताने त्याने 'क्रो जेन' हा जुना ब्लूजही वाजवला आहे. कव्वाली आणि ब्लूज लागोपाठ ऐका, आणि दोन्हींत गंधाराकडे कान ठेवा.

त्याच्या तारा लावण्याची पद्धतही आपल्या कानाला ओळखीची वाटेल. सहा तारा खालून वर अशा मिळवलेल्या: सा, प, सा, ग, प, सा. नुसता हात फिरवला तरी तंबोऱ्यासारखा भरलेला नाद उठतो. सळी सरळ असते, म्हणून ती एका रेषेत सर्व तारांवर टेकवली की हाच मेळ वरच्या पट्टीत उचलला जातो. पण याच सरळपणामुळे सळी अडतेही. सगळ्या तारांवर आडवी धरली की शुद्ध गंधाराचाच मेळ निघतो. कोमल गंधाराचा हवा असेल तर ती तार वगळावी लागते, नाहीतर नळीमागच्या बोटांनी चोरून जुळवावी लागते. काबरांनी कॉर्ड सोडून दिल्यावर हा प्रश्नच उरला नाही. त्यांना हवा होता तो एकाच तारेवरचा गंधार, आणि तो कुठे थांबवायचा हे ते रागाप्रमाणे ठरवत.